चार नंबरचा कागद

भूपाल मगदूमचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या दाराचं कुलूप ओढून बघत होतो. तिसऱ्यांदा. पोस्टमन जिन्याखालून ओरडला, "लागलंय हो जोगळेकर, हितनं दिसतंय!" आणि पत्र पायरीवर ठेवून निघून गेला.

निळं आंतरदेशीय पत्र. पत्ता शिसपेन्सिलीने, मोठ्या, एकमेकांना न टेकणाऱ्या अक्षरांत. भूपाल पुलापलीकडे सांगलीवाडीत राहायचा. सायकलने दहा मिनिटं. इतक्या जवळच्या माणसाने पत्र लिहायचं म्हणजे त्याला असं काहीतरी विचारायचं असणार, जे तोंडाने विचारता येत नाही. मी तिथेच पायरीवर बसून ते उघडलं. पाच-सहा ओळी होत्या आणि त्यात एक प्रश्न. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते साऱ्या जगात मला एकट्यालाच माहीत होतं.

मी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि वर जाऊन पुन्हा एकदा कुलूप ओढून बघितलं. उत्तर लिहिलं नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली.

प्रश्न काय होता ते सांगण्याआधी तो ज्या दुपारी तयार झाला ती दुपार सांगायला हवी. मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं दिली-घेतली. स्वतःचं काही सांगायची वेळ फारशी आली नाही.

श्रावणात कृष्णेला पाणी असतं तेव्हा सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात. एकेका होडीत दहा-बारा गडी, हातात वल्ही. पुलाजवळून निघायचं, नदीत लांबवर दोराने बांधलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. काठावर गावंच्या गावं उभी असतात. काठाला लागून एक मचाण बांधतात आणि मचाणावर दोन खुर्च्या ठेवतात. एका खुर्चीवर मी असायचो, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही. दुसरी खुर्ची भूपालची, आणि ती कायम रिकामी. कारण तो माईक घेऊन उभा असायचा.

एकतीस वर्षं असं चाललं होतं. कुठल्या साली कुठली होडी किती मिनिटांत वळली, किती मिनिटांत परतली, कुणाचं वल्हं मोडलं, कोण पाण्यात पडलं, सगळं माझ्या वह्यांत होतं. शर्यत चालू असताना मी कागदाच्या चिटोऱ्यावर एक ओळ लिहून भूपालकडे सरकवायचो. 'तीन नंबर. वडील १९९१, याच वळशाला दोन वल्ही मोडली.' तो चिठ्ठीकडे एक नजर टाकायचा आणि कर्ण्यातून गरजायचा, "अरं ह्येच्या बाला इचारा! एक्क्याण्णव सालात ह्याच पिंपाला ह्येच्या बानं दोन वल्ही मोडली आन् गडी हातानं पाणी मारत आला की रं!" काठावर शिट्ट्या. माणसं एकमेकांना म्हणायची, मगदुमाची स्मरणशक्ती बघा.

ओळ माझी असायची. कधीकधी तो म्हणायचाही, "पंतांच्या वहीत लिवलंय, मंडळी!" त्यावर मोठा हशा पिकायचा आणि मी मान खाली घालायचो. माझं नाव निघालं की लोक हसतात, एवढंच मला ऐकू यायचं. ते कशाला हसतात, हे मी कधी नीट ऐकलं नाही.

माझी बायको कुमुद वर्षातून एकदाच नदीवर यायची, मला डबा द्यायच्या निमित्ताने. मचाणामागे छत्री घेऊन ती दोन-दोन तास उभी राहायची. भूपालचं ऐकून हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. घरी तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नाही. एकदा जेवताना मी म्हटलं, "तो जे बोलतो त्यातलं अर्धं माझं असतं."

"होय?" ती म्हणाली. "मग घरी का नाही बोलत तसं?"

त्या वर्षी आषाढात शर्वरी आली. शर्यत समितीचे अध्यक्ष शिरगुप्पे वकील, त्यांची ती पुतणी. लहानपणी ती रोज दोन पुस्तकं न्यायची, आणि एका वेळी एकच द्यायचा नियम असताना मी तिला दोन द्यायचो. आता पुण्यात शिकून ती मोबाईलची ॲप कशी दिसावीत हे ठरवायचं काम करत होती. मुंबई-पुण्याला गेलेल्या लोकांना घरबसल्या शर्यत कळावी, कुठली होडी पुढे आहे ते दिसावं, मचाणावरचा आवाज ऐकू यावा, असं एक ॲप ती समितीला करून देणार होती.

"काका, तुमच्या वह्यांशिवाय हे होणारच नाही," ती म्हणाली.

एकतीस वह्या मी दोन फडक्यांत बांधून तिला दिल्या. पुढचे तीन आठवडे मी कशात होतो ते सांगायला लाज वाटते. रस्त्याने चालताना मला वाटायचं, लोकांना माहीत नाही, पण आता कळेल.

तिसऱ्या रविवारी दुपारी ती बुटांचा खोका घेऊन वाचनालयात आली. आत पत्त्यांएवढे कागद होते, शंभरेक, स्केचपेनने रंगवलेले. खोक्याच्या झाकणातून तिने मोबाईलच्या आकाराची चौकट कापली होती. "खरं ॲप करायच्या आधी असा कागदी नमुना करतात," ती म्हणाली. "लोकांना वापरायला देऊन बघायचं, कुठे अडतात ते. कागद फाडून दुसरा करता येतो."

तिने पहिलं पान चौकटीत ठेवलं. वरचा अर्धा भाग एका हिरव्या खणाने भरला होता. त्यात ठळक अक्षरांत: 'ऐका, भूपालअण्णा!' त्याखाली पाच रंगांच्या पाच होड्या. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत लिहिलं होतं, 'जुने निकाल'.

मी बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत होतो. शर्वरीच्या ते लक्षात आलं असावं.

"लोक जे आधी शोधतात ते पहिल्या पानावर मोठं ठेवावं लागतं, काका."

"बरोबर आहे," मी म्हटलं. बरोबरच होतं. मीसुद्धा चाळीस वर्षं जास्त मागणीची पुस्तकं दाराजवळ आणि बाकीची माळ्यावर ठेवत आलो होतो.

तेवढ्यात जिन्यावर भूपालच्या वहाणा वाजल्या आणि मागोमाग वकीलसाहेब आले. भूपाल सहासष्टचा, माझ्याहून वर्षाने मोठा. पण मिशी काळी, मळ्यात कुदळ मारणारे हात, आणि खोलीत शिरला की खोली लहान व्हायची.

"काय पंत! कुलूप ओढून बघितलंस का?"

"आत्ता उघडं आहे," मी म्हटलं.

"उघडं हाय का न्हाई, तेबी ओढून बघतोस न्हवं?"

शर्वरी हसली. वकीलसाहेब मात्र गंभीर होते. "भूपाल, नीट ध्यान दे बाबा. गेल्या साली ऐन वेळी लाईट गेली, निकाल तोंडातोंडी गेला आणि उलटा पोचला. दोन गावांनी एकमेकांवर वल्ही उगारली. समितीनं ठरवलंय, यंदापासून माईक आणि मोबाईल एकाच माणसाच्या हातात. ज्याला हे जमंल, तोच मचाणावर उभा राहणार."

"एकतीस वर्षं हाय मचाणावर, वकीलसाहेब. कागदाला भिऊन उतरतोय व्हय?"

शर्वरीने टेबलाच्या एका बाजूला भूपालला बसवलं आणि समोर मला. "काका, तुम्ही कॉम्प्युटर."

"मी?"

"दोघातिघांना बसवून बघितलं, कुणाला कागद वेळेवर सापडत नाहीत. तुमचे हात कार्डांना सरावलेत. अण्णा जिथे बोट लावतील तिथून पुढचं जे पान असेल ते तुम्ही चौकटीत ठेवायचं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचं नाही. ते चुकले तर त्या चुकीचंच पान ठेवायचं. कॉम्प्युटर कुणाला मदत करत नाही."

"म्हंजे पंतात काय बदल करायला नको," भूपाल म्हणाला. "हाय तसाच बसवा."

वकीलसाहेबसुद्धा हसले. मी कागदांचे गठ्ठे क्रमाने लावले.

"आणि अण्णा, तुम्ही मनात येईल ते सगळं मोठ्याने बोलत राहायचं. म्हणजे मला कळेल तुम्ही काय शोधताय."

"माज्या मनात काय ऱ्हातच न्हाई, बाळ. समदं तोंडात."

पहिलं काम होतं शर्यत सुरू करायचं. भूपालने बाही सरसावली, बोट हवेत धरलं आणि बसल्या जागी समालोचन सुरू केलं. "तर मंडळी, मगदुमांचं बोट निघालंय! हिरव्या खणाला उजवी घातली, होड्यांच्या डोक्यावरनं आलं... आन् लागलं! 'सुरू'ला लागलं!" मी पुढचं पान ठेवलं. "समोर कॉम्प्युटर बसलाय, मंडळी. तोंडावरची माशी उठंना! पर कागद कसा टाकतोय बगा, जणू पानपट्टीवाला!"

दुसरं काम वळशाचं. कुठली होडी आधी पिंपाला वळली ते नोंदवायचं. तेही त्याने एका दमात केलं. शर्वरी घड्याळ बघत वहीत लिहीत होती आणि लिहिता लिहिता हसत होती. मला वाटलं होतं, त्याला जमणार नाही. आता खरं सांगायला हरकत नाही, मी त्याच भरवशावर तिथे बसलो होतो.

तेवढ्यात कुमुद आली. आमचं घर मागच्याच गल्लीत. ती थर्मासमधून चहा घेऊन आली होती आणि दाराशीच थांबली, कारण भूपाल म्हणत होता, "कॉम्प्युटरला घाम फुटलाय, मंडळी! कॉम्प्युटर चष्मा पुसतोय! कंपनीला कळवा!"

मी खरोखरच चष्मा पुसत होतो. कुमुदने थर्मास खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि ती हसायला लागली. तसंच, नदीवर हसायची तसं. माझ्या वाचनालयात, माझ्या टेबलापाशी.

"आता शेवटचं," शर्वरी म्हणाली. "होड्या परत आल्यात. दोन आणि चार अगदी बरोबरीत. चार नंबर हातभर पुढे येऊन जिंकला. निकाल जाहीर करा."

चौकटीत पाच चौकोन होते. मी दोन्ही कागद तयार ठेवले होते. कार्डांचं काम केलेला कुणीही ठेवील. उजव्या हातात 'चार विजयी', डाव्या हातात 'दोन विजयी'.

"आन् मंडळी," भूपालचा आवाज खाली आला, नदीवर शेवटच्या पन्नास हातांना यायचा तसा, "दोन का चार, दोन का चार... चार! चार! चार!"

बोट टेकलं. चारच्या चौकोनात, मधोमध. नख थोडं वाढलेलं होतं आणि त्यात मळ्यातली काळी माती होती. शर्वरी त्या वेळी मान खाली घालून घड्याळ बघत होती. वकीलसाहेब कुमुदकडून चहाचा कप घेत होते.

मी डावा हात पुढे केला.

'दोन विजयी.'

भूपाल थांबला. इतक्या वर्षांत मी त्याला वाक्याच्या मध्ये थांबलेला पाहिला नव्हता.

"ह्ये दोन कसं आलं? मी चारला लावलं की."

शर्वरीने वर पाहिलं. आधी कागदाकडे, मग माझ्याकडे. "काका?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नाही, नाही. कॉम्प्युटरला विचारायचं नसतं."

मी कागदाकडे बघत राहिलो. मला बोलायची मनाई होती. त्या दुपारी माझ्यावर कुणी काही उपकार केला असेल तर तो त्या नियमाने.

वकीलसाहेब कप घेऊन टेबलापाशी आले. "दोन विजयी! झाली की परत मारामारी, भूपाल."

भूपालने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून माणूस मनगटावरचं घड्याळ लावून घेतो ना, तसं.

"न्हाई, पंत चुकायचा न्हाई," तो हळू म्हणाला. "एकतीस वर्षात येक सेकंद चुकला न्हाई गडी. माजंच घसरलं असंल."

"अण्णा, असं काही नसतं," शर्वरी म्हणाली. "चूक झाली तर ती कागदाची. माणसाची नाही. चौकोन लहान झाले असतील. परत करू या."

परत केलं. या वेळी भूपाल बोलला नाही. "मोठ्याने, अण्णा," तिने आठवण केली. "व्हय," तो म्हणाला आणि गप्पच राहिला. बोट चारच्या वर आलं. थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चौकोनांकडे, डावीकडून एक-दोन-तीन मोजल्यासारखं. बोट डावीकडे सरकलं आणि टेकलं.

या वेळी मी काहीही केलं नाही. बोट दोनवर होतं. मी दोनचा कागद ठेवला.

तिसऱ्या वेळी त्याने चारवर बोट धरून मला विचारलं, "ह्ये चारच हाय न्हवं, पंत?"

कॉम्प्युटर बोलत नाही.

त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला, थंडीत धरतात तसा. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "निकालाचं काम हाय. कुणातरी तरण्याला बसवा."

कुणी फार आग्रह केला नाही. वकीलसाहेब एकदा "बघ बुवा" म्हणाले. शर्वरी कागद गोळा करताना दोनदा मोजत होती. "एक कमी भरतोय," ती म्हणाली. "जाऊ दे, नवीन काढते." तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. उजव्या हातातला. तो ठेवायला मला दुसरी जागा सुचली नव्हती.

सगळे गेले. मी दाराला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. भूपाल जिन्यात थांबला होता. तो काहीतरी बोलणार, म्हणून मी वाट बघितली. तो दोन पायऱ्या वर आला, त्याने हात पुढे करून कुलूप स्वतः एकदा ओढलं आणि मला विचारलं,

"लागलंय न्हवं?"

श्रावणात शर्यती झाल्या. मिरजेहून एक तरुण निवेदक आणला होता. शर्वरीचं ॲप उत्तम चाललं. तो एका हाताने मोबाईल दाबायचा आणि दुसऱ्या हातात माईक धरून शुद्ध भाषेत बोलायचा. जुन्या सालांची माहितीही तो मोबाईलवरूनच वाचायचा. माझ्या वह्यांतलं सगळं त्यात होतं. चिठ्ठ्या द्यायचं मला काही कारण उरलं नाही. कुणी हसलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. कुमुद आली नाही. "डबा सकाळीच घेऊन जा," ती म्हणाली होती. "मगदूम नाहीत तर तिथे येऊन काय करू?"

पत्र आलं ते कार्तिकात.

'पंत,

त्या दिवशी पहिल्या बारीला माझं बोट चारवर होतं का दोनवर? मला चारवर होतं असं वाटतंय. पण आता वाटण्यावर भरवसा राहिला नाही. तोंडानं विचारलं तर तू मन राखायला काहीतरी बोलशील. तू लिहिताना खोटं लिहीत नाहीस, म्हणून पत्र. घरात कुणाला बोललो नाही.

भूपाल'

मी लिहायला बसलो नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात चार वेळा बसलो. 'चार' लिहिलं की पुढे 'मग दोनचा कागद का आला' याचं उत्तर लिहावं लागणार. 'दोन' लिहिलं की ते खोटं, आणि मी लिहिताना खोटं लिहीत नाही, हे त्याने आधीच लिहून टाकलेलं. महिना गेला. मग वाटलं, इतक्या उशिरा लिहिलं तर उशीर का हेही सांगावं लागेल. पुलावर त्याची सायकल दिसली की मी कठड्याकडे तोंड करून पाणी बघत उभा राहायचो. दोन वर्षांनी त्याची बायको वारली आणि तो जयसिंगपूरला लेकीकडे राहायला गेला असं कळलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. हे लिहायला हात धजत नव्हता, पण लिहिलं.

कुमुद गेली त्याला तीन वर्षं झाली. तिलाही मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली, "मगदुमांना बोलवा ना एकदा. जरा हसू." मी म्हटलं, त्यांची तब्येत बरी नसते.

गेल्या महिन्यात, दुपारी वाचनालय बंद करायच्या वेळी, पन्नाशीची एक बाई जिना चढून आली. हातात आमचा शिक्का असलेलं पुस्तक आणि एक पत्र्याचा चपटा डबा.

"जोगळेकरकाका ना? मी त्रिशला. भूपालअण्णांची मुलगी."

मी तिला बसायला सांगितलं. पाणी द्यायचं सुचलं नाही.

"अण्णांच्या ट्रंकेत हे पुस्तक सापडलं, तुमच्या वाचनालयाचं. आणि हा डबा. म्हणाले, पंतांचं पंतांना देऊन ये."

डब्यात चिठ्ठ्या होत्या. माझ्या अक्षरातल्या. एकतीस वर्षांच्या, सालवार, दोऱ्याने बांधलेल्या. मला वाटायचं, तो वाचून नदीत टाकतो.

"लहानपणी आम्ही मचाणाखाली बसायचो," त्रिशला सांगत होती. "दोन गावं भांडायला लागली की अण्णा म्हणायचे, 'पंतांच्या वहीत लिवलंय!' की सगळे हसायचे आणि वाद बंद. अण्णा म्हणायचे, ते एक वाक्य माझं ब्रह्मास्त्र आहे. त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही."

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"तब्येत चांगली आहे. पण बोलत नाहीत, काका. अण्णा, आणि बोलत नाहीत! माझ्या मुलाच्या लग्नात माईक हातात दिला, म्हटलं चार शब्द बोला. तर नवरीचं नाव चुकेल म्हणून परत केला. गोळी घेतली की पाच मिनिटांनी विचारतात, मी घेतली का गं? सही करायची झाली तर तीनदा वाचून मला दाखवतात. डॉक्टर म्हणाले, डोकं ठणठणीत आहे, विसरत काही नाहीत. पण त्यांना पटत नाही. म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, मला पुरावा मिळालाय."

"कसला पुरावा?"

"ते सांगत नाहीत."

ती गेल्यावर मी चिठ्ठ्यांचा दोरा पुन्हा बांधला. माझ्याकडे आयुष्यभर एकच गोष्ट भरपूर होती. कुलूप लागलं का, गॅस बंद केला का, बोललो ते बरोबर होतं का. ही असली शंका त्या माणसाच्या जवळपासही फिरकत नव्हती, आणि मला वाटत होतं की मला त्याच्या आवाजाचा हेवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून पाकीट आणलं. मनात आलं, तो आता सत्त्याहत्तरचा आहे. या वयात त्याला हे कळून काय होणार? त्याला राग आला तर? तो दुपारच विसरला असेल तर? या शंका मी ओळीने मांडल्या आणि त्या सगळ्या माझ्या सोयीच्या निघाल्या. मग लिहिलं.

'भूपाल,

चारवर होतं. चौकोनाच्या मधोमध. दोनचा कागद मी मुद्दाम ठेवला. दोन्ही कागद माझ्या हातात होते आणि मी बघून ठेवला. तुझी नजर, तुझं बोट, तुझं डोकं यांत त्या दिवशी काही चूक नव्हती. दुसऱ्या वेळी चुकलास तेही माझ्यामुळे. मला तुझा हेवा वाटत होता. कुमुद दारात उभी राहून हसत होती.

तुझं पत्र मिळालं होतं. अकरा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात आहे.

हे मी लिहितो आहे, म्हणजे खरं आहे. सोबतचा कागद तुझा.

नरहर'

खणात पत्राखालीच तो कागद होता. भगवी होडी, खाली शर्वरीचं गोल अक्षर: 'चार विजयी'. कडा पिवळ्या पडल्या होत्या, स्केचपेनचा रंग मात्र तसाच होता. पत्राच्या घडीत ठेवला आणि पाकीट चिकटवलं.

स्टँडजवळच्या पोस्टाच्या पेटीपाशी उभा राहिलो तेव्हा समोरच जयसिंगपूरची एसटी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. अर्ध्या तासात त्याच्या दारात पोचलो असतो. पण त्याने तोंडाने विचारलं नव्हतं.

मी पाकीट फटीत सरकवलं आणि सोडलं. आत पडल्याचा आवाज आला की नाही, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. एसटी सुरू झाली होती. मी हात घालून बघितलं नाही. घरी निघालो.